नलूमावशीचं फॅशनचं पान

कपाटात हँगर साठतात, पण ते कधी कोणी विकत आणल्याचं आठवत नाही. कपडे देऊन टाकले तरी हँगर मागे राहतात, आणि एक दिवस दार उघडलं की खळखळ करत अंगावर येतात. नलूमावशीचे किस्से आमच्या घरात तसेच साठलेत. मुद्दाम सांगायला कोणी बसत नाही. चहा ओतताना एखादा बाहेर पडतो, आणि त्याला अडकलेले आणखी दोन-चार मागोमाग येतात!

नलूमावशी म्हणजे माझ्या आईची मावशी. नात्याने ती माझी आजी लागते, पण तिला तसं म्हणून बघायची आमच्या घरात कोणाची टाप नाही. सिडनीच्या एका इंग्रजी साप्ताहिकात ती कितीतरी वर्षं फॅशनचं पान लिहिते. तिने सुरुवात केली तेव्हा इथल्या फॅशन शोमध्ये आपल्याकडची एकही बाई लिहायला बसत नव्हती. सिडनीतल्याच हॅरिस पार्क उपनगरात मिठाईच्या दुकानावर तिचा फ्लॅट आहे. आई जवळच्याच पॅरामॅटाला एका बँकेत आयटीत काम करते. ती सुटेपर्यंत मी शाळेतून तिथेच जाते. मी फारसं बोलत नाही. त्यामुळे मी खोलीत आहे हे मोठी माणसं विसरतात, आणि मला सगळं ऐकायला मिळतं.

या वर्षी किस्से जास्तच निघाले, कारण या वर्षी मावशीचं पान जातं की राहतं अशी वेळ आली होती.

झालं असं, की साप्ताहिकाला नवी संपादक आली. जेस. जेमतेम तिशीची, स्वभावाने चांगली, पण प्रत्येक वाक्याआधी सॉरी म्हणणारी. तिने एका दुपारी फोन केला. इथले लोक नलिनीचं ‘नाल’ करतात, तसंच तीही.

“सॉरी नाल, एक छोटासा बदल आहे. यापुढे लेख आधी डिझायनरला दाखवायचा. त्याने अप्रूव्ह केला की छापायचा.”

“आणि नाही केला तर?”

“तर… सॉरी, नाही छापायचा.”

“मग पानावर नावही त्याचंच घाल ना!” असं म्हणून मावशीने फोन ठेवला.

पण जेसच्या वरही कोणी होतं. त्यांनी निरोप धाडला, की हिवाळा संपेपर्यंत नलिनीने नियम मान्य करावा, नाहीतर पान बंद.

आईने समजूत घालून पाहिली. “मावशी, नुसतं दाखवायचंच आहे ना? दाखव, आणि तुला हवं तेच लिही.”

“दाखवायला माझी ना नाही गं,” मावशी म्हणाली. “पण त्याच्या ‘हो’वर छापायचं? बाई कपडे घ्यायला जाते तेव्हा दुकानात सगळी माणसं दुकानदाराची असतात. तिच्या बाजूने बोलायला कोणीतरी नको?”

एवढं म्हणून ती भाजी चिरायला लागली. भाजी त्या दिवशी फार बारीक चिरली गेली.

*

तिला हे पान मिळालं कसं, तो किस्सा आधी सांगते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मावशी पुण्याहून इथे आली आणि थेट साप्ताहिकाच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. म्हणाली, मला फॅशनवर लिहायचंय. तेव्हाचे संपादक वयस्कर होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या साडीकडे पाहिलं, आणि प्रेमाने म्हणाले, “तुम्ही करीवर का नाही लिहीत? आमच्या वाचकांना आवडेल.”

“लिहिते की,” मावशी म्हणाली.

तिने लेख दिला. शीर्षक होतं, चिकन करी. पहिलं वाक्य होतं, “करी करण्याआधी एप्रन घाला.” दुसरं होतं, “बाजारात मिळणारा एप्रन अशा माणसाने बेतलाय, ज्याने जन्मात कधी पातेल्यात वाकून पाहिलेलं नाही.” मग गळ्याची पट्टी मानेला कशी काचते, पोटावरच्या खिशात रस्सा नेमका कसा सांडतो, पाठीमागची गाठ ओल्या हाताने का सुटत नाही, हे सगळं आलं. लेखाचं शेवटचं वाक्य होतं, “जागा संपली. करी पुढच्या आठवड्यात.”

वाचक बायकांचे इतके फोन आले, की संपादकांनी पुढचा लेख स्वतःहून मागितला. पुढच्या आठवड्यात मावशीने ओव्हनच्या हातमोज्यांवर लिहिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरात घालायच्या सपातांवर.

ती करी अजून छापून आलेली नाही!

*

ब्रायन हा मावशीचा फोटोग्राफर. आता तोही रिटायर व्हायच्या वयाचा आहे, पण मावशी शोला गेली की अजूनही तो कॅमेरा घेऊन जातो. दर गुरुवारी दुपारी, त्याच्या भाषेत ‘आर्वो’ला, तो फ्लॅटवर येतो, खालच्या दुकानातले समोसे खातो, आणि प्रत्येक समोशाला “टू हॉट, मेट!” म्हणून दुसरा उचलतो. खांबाचा किस्सा त्याचा.

मावशीच्या पहिल्याच मोठ्या शोमध्ये तिला सगळ्यात मागे, एका जाड खांबाआड खुर्ची मिळाली. तिथून रॅम्प दिसतच नव्हता. दिसायची ती फक्त रॅम्पच्या टोकाची जागा. मॉडेल तिथे वळायच्या आणि क्षणभर त्यांची पाठ खांबाकडे व्हायची. पुढे बसलेल्यांना गाऊन समोरून दिसत होते. डिझायनरच्या हिशेबी खांबाआड कोणी नव्हतंच!

मावशीने पाहिलं, तर प्रत्येक गाऊन मागे चिमट्यांनी धरलेला. आपण कपडे वाळत घालतो ना, तेच चिमटे!

तिने लिहिलं, “समोरून हा गाऊन अगदी मापाचा आहे. मागून तो वाळत घातलेला आहे.”

पुढच्या सीझनला तिला पहिल्या रांगेत नावाची खुर्ची मिळाली. ती गेली, खुर्ची पाहिली, आणि तिथल्या माणसाला विचारलं, “माझा खांब कुठे आहे?”

ब्रायन शपथेवर सांगतो, की त्यानंतर त्या हॉलमध्ये शो करायला येणारा प्रत्येक डिझायनर आधी खांबामागे कोण बसणार ते विचारायचा.

*

तेव्हा सगळ्यांनाच ती आवडत होती असं नाही. एका बाईने ऑफिसात फोन करून मावशीलाच मागितलं.

“तुम्ही बाहेरून आलेल्या. आमच्या कपड्यांतलं तुम्हाला काय कळतं?”

“आत्ता तुम्ही स्कर्ट घातलाय का?” मावशीने विचारलं.

“हो. त्याचं काय?”

“त्याची झिप सरकून बाजूला आली आहे. ती आधी मागे घ्या, मग बोलू.”

पलीकडे कापडाची सळसळ झाली. मग अगदी हळू आवाजात, “तुम्हाला कसं कळलं?”

त्या वर्षी बाजारात आलेल्या सगळ्याच स्कर्टांच्या झिपा सरकायच्या. पण हे मावशीने त्या बाईला सांगितलं नाही!

*

टीव्हीचा किस्सा छोटा आहे. मावशीचं नाव झाल्यावर तिला एका कार्यक्रमाला बोलावलं. तिथल्या लोकांनी तिच्या चपला काढून ठेवल्या आणि स्पॉन्सरचे उंच टाचांचे बूट तिच्या पायात घातले. मुलाखत घेणाऱ्याने डोळे मिटून, फार गंभीर आवाजात विचारलं, “नलिनी, ऑस्ट्रेलियन फॅशनच्या जगात पहिली भारतीय बाई म्हणून इथवर पोचलात. आज या क्षणी कसं वाटतंय?”

“अंगठ्याला लागतंय,” मावशी म्हणाली. “बूट तुमचे आहेत.”

कार्यक्रम लाइव्ह होता.

*

मला सगळ्यात आवडतो तो बॅगेचा.

मावशीचा नियम असा, की कंपनीने पाठवलेली भेट ठेवायची नाही. आली तशी परत. तर एकदा एका मोठ्या ब्रँडकडून हँडबॅग आली. तिथे क्लोई नावाची मुलगी प्रसिद्धीचं काम बघायची, तिने पाठवली होती. मावशीने ती लगेच परत करायला काढली, आणि मग बॅग मांडीवर घेऊन बसून राहिली.

“काय झालं?” आईने विचारलं.

“रिकामी कशी द्यायची गं?”

आमच्याकडे शेजारच्यांचा डबा रिकामा परत जात नाही. त्यात निदान साखर तरी घालतात. मावशीचा हात काही धजेना. शेवटी तिने पिशवीत घालून बेसनाचे लाडू आत ठेवले आणि ब्रायनच्या हाती बॅग परत पाठवली.

दोन दिवसांनी क्लोईचा फोन. “नाल, बॅग आवडली नाही का? आणि आत ते पिवळे गोल काय आहेत?”

“खा,” मावशी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बॅग आली. मावशी चिडली. “या पोरीला एकदा सांगून कळत नाही का?” बॅग परत गेली, आत चिवडा. मग पुन्हा आली. परत गेली, आत शंकरपाळे. दिवाळीच्या सुमाराला तर मावशीने चकल्या मोडू नयेत म्हणून बॅगेत पुठ्ठासुद्धा लावला. क्लोई आपल्या इतकी मागे का लागली आहे, हे तिला कळेना. लाच द्यायची म्हणजे किती चिकाटी, असं ती सगळ्यांना सांगायची.

शेवटी एका गुरुवारी ब्रायनने बॅग उचलून उलटीपालटी केली, आत नाक घालून वास घेतला, आणि हसत सोफ्यावर बसला.

दर वेळी तीच बॅग येत होती! आतल्या अस्तराला चिवड्याची हळद लागलेली होती. क्लोई कोणाला लाच देत नव्हती. ती डबा पाठवत होती!

*

आपल्या लोकांनाही मावशीने सोडलं नाही. मंडळाच्या गणपतीत बायकांनी पैठण्या नेसून रॅम्प वॉक केला आणि मावशीला मंडळाच्या अंकासाठी चार ओळी लिहायला सांगितलं. तिने बरोबर चार ओळी लिहिल्या. त्यातली एक अशी होती, “पैठण्या सुरेख होत्या. ब्लाउज मात्र दुसऱ्या घरून पाहुणे आल्यासारखे वाटत होते.”

रविवारी सकाळी सुलभाकाकू दोन मैत्रिणींना घेऊन फ्लॅटवर हजर. आई आणि मी तिथेच होतो. काकू चपला न काढताच सुरू झाल्या.

“नलूताई, आम्ही काय मॉडेल आहोत? हौस म्हणून केलं आम्ही!”

“मीही हौसेनेच लिहिलं.”

“आणि ‘पाहुणे’ म्हणजे काय? माझं ब्लाउज मी खास पुण्याहून शिवून आणलंय!”

“मापं कशी दिलीस?”

“व्हॉट्सअॅपवर.”

“हात वर कर,” मावशी म्हणाली.

“का?”

“कर तर.”

काकू तेच ब्लाउज घालून आल्या होत्या, पुरावा म्हणून. त्यांनी हात वर केला. खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“मुंढा चुकलाय,” मावशी म्हणाली. “काढ. तुझंही काढ गं. तिघींचीही काढा.”

दुपारपर्यंत मावशीचं मशीन चालू होतं, आणि तिघी काकू मावशीचे टी-शर्ट घालून, पोहे खात, कोणाच्या टेलरने काय घोळ घातला ते सांगत होत्या. निघताना तिघींचे हात डोक्याच्या वर जात होते. सुलभाकाकू जिन्यात थांबल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, “पण आम्ही अजून रागावलेल्या आहोत हां!”

*

मावशीची एक पद्धत आहे. कपडा घालून बस, ट्रेन किंवा ट्रामसारख्या लाइट रेलमधून फिरून आल्याशिवाय ती त्याबद्दल लिहीत नाही. बहुतेक वेळा ती स्वतः घालते. पण यंदा एका तरुण डिझायनरने बघायला म्हणून पाठवलेला कोट तिच्या मापाचा नव्हता, माझ्या मापाचा होता.

“जा, पॅरामॅटाला लाइट रेलने एक चक्कर मारून ये,” ती म्हणाली.

कोट राखाडी, पाठीत आत काहीतरी कडक घातलेलं, कॉलर कानाच्या वर. बाहेरून इतका सुंदर, की सगळे बघत होते. मला कोणी बघितलेलं आवडत नाही, म्हणून मी कोपऱ्यातली सीट गाठली. पण कोटाला बसता येईना! पाठ वाकेच ना. मी उठून दांड्याला धरून सरळ उभी राहिले. समोरच्या म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे बघून मान हलवली, स्वतःची जागा सोडली आणि म्हणाली, “ओ लव्ह, पाठीला काय झालं? ऑपरेशन का?”

मावशीने हे जसंच्या तसं लिहिलं. डिझायनरचा फोन आला. तो दुखावला होता. “हा कोट नाही, हे आर्किटेक्चर आहे!”

“असेल की,” मावशी म्हणाली. “पण मग किल्ली ठेवायला एखादा खिसा हवा!”

हा लेख जेसने कोणालाही न दाखवता छापला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज रडवेला. “सॉरी नाल. हा शेवटचा. मला वरून खूप बोलणी बसली. पुढचा लेख अप्रूव्ह होऊन आला नाही, तर पान त्याच आठवड्यात बंद करणार आहेत.”

*

आणि पुढचा लेख होता लेहंग्यांवरचा.

हॅरिस पार्कला बंटीजींचं लग्नाच्या कपड्यांचं मोठं दुकान आहे. साप्ताहिकात सगळ्यात जास्त जाहिराती त्यांच्या. हिवाळ्यात त्यांनी एका हॉलमध्ये शो केला. मावशी गेली, ब्रायन गेला, मीही गेले. घरी येऊन मावशीने एका बैठकीत लेख लिहिला.

जेसने फोनवर भीत भीत विचारलं, “नाल, हा तरी आधी दाखवशील ना?”

“दाखवते की!” मावशी म्हणाली.

ब्रायनच्या हातातला समोसा तसाच राहिला. जेसला तर इतका आनंद झाला, की ती सॉरी म्हणायला विसरली. “थँक यू! बंटीजींचा ईमेल पाठवते.”

“ईमेल कशाला? दुकान इथेच तर आहे. चालत जाते.”

शनिवारी दुपारी ती निघाली. मी बरोबर होते. लग्नाचा सीझन, दुकान गच्च भरलेलं. नवऱ्या, त्यांच्या आया, मावश्या, आत्या. मधोमध मोठ्या आरशासमोर एक गोल, उंच चौथरा. त्यावर एक नवरी मरून लेहंगा घालून उभी होती. शोमध्ये शेवटी आलेला लेहंगा तो हाच. तिची आई खाली सोफ्यावर बसून वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढत होती.

बंटीजी हात जोडून पुढे आले. माणूस दिलदार आहे. “आइए नलिनीजी, आइए! चाय मंगवाऊँ?”

“चहा नको. लेख आणलाय. आधी दाखवायचा असा नियम आहे ना, म्हणून वाचून दाखवते.”

“ज़रूर, ज़रूर!” बंटीजी खूश झाले. ते सगळ्या दुकानाकडे वळले आणि टाळ्या वाजवल्या. “सुनिए, सब लोग सुनिए! पेपर में हमारे बारे में आ रहा है!”

सगळं दुकान शांत झालं. मावशीने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदात कापडाचं कौतुक होतं. बंटीजींनी मान डोलावली. दुसऱ्यात जरीच्या कामाचं. जरी इतकी नाजूक, की जवळ जाऊन बघत राहावंसं वाटतं. बंटीजींनी नवरीच्या आईकडे बघून भुवया उंचावल्या. बघितलंत ना?

मग तिसरा परिच्छेद आला.

“पण हा लेहंगा इतका जड आहे, की नवरी जिथे ठेवाल तिथेच राहते. शोमध्ये तिला दोन माणसांनी स्टेजवर आणून ठेवलं आणि दोन माणसांनीच परत नेलं. लग्न लागल्यावर तिने मांडवातून बाहेर कसं पडायचं, ते दुकानाने सांगितलेलं नाही.”

कोणीतरी खोकलं. बंटीजींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त आता त्याचा काही उपयोग नव्हता.

“नलिनीजी,” ते हळूच म्हणाले, “ये वाला पैरा हटा दीजिए।”

“खोटं आहे का? खोटं असेल तर आत्ता काढते.”

“एकदम झूठ!” बंटीजींनी फोन काढून जेसला लावला, स्पीकरवर टाकला आणि काउंटरवर ठेवला. “मॅडम, ये क्या लिखा है? हमारे लहंगे में लड़की दौड़ सकती है! दौड़!”

फोनमधून जेसचा बारीक आवाज आला. “सॉरी बंटीजी, मला फक्त एवढंच सांगा. अप्रूव्ह्ड की नॉट अप्रूव्ह्ड?”

सगळं दुकान बंटीजींकडे बघत होतं. मावशीही. तिने चष्मा काढला होता, आणि ती एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होती. हे बहुतेक फक्त मलाच दिसलं.

बंटीजींनी तोंड उघडलं.

तेवढ्यात चौथऱ्यावरून नवरी म्हणाली, “सॉरी… मला कोणी खाली उतरवेल का?”

कोणीच हललं नाही. मग बंटीजी स्वतःच पुढे झाले. एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने तिच्या आईने, आणि लेहंगा मागून एका सेल्सगर्लने उचलला. नवरीचा एक पाय खाली आला, दुसरा अजून वरच होता. तसेच वाकलेले असताना, मान काउंटरकडे वळवून, धापा टाकत बंटीजी म्हणाले,

“अप्रूव्ह्ड!”